वाचूं नका, उतरवून घ्या!

प्रोग्रॅमिंग शिकविणाऱ्या आमच्याकडील कित्येक वर्गांत सध्यां एक विलक्षण मत रूढ होऊं पाहात आहे. तें असें कीं, नवशिक्यानें लायब्ररीचें डॉक्युमेंटेशन वाचण्याच्या भरीस पडूं नये. तें मुरलेल्या लोकांसाठीं असतें. त्यानें तयार उदाहरण उतरवून घ्यावें, चालवून पाहावें, आणि अडल्यास कृत्रिम बुद्धीच्या यंत्राला विचारावें. हें मत दयाळूपणाचा आव आणतें, म्हणूनच तें अधिक घातक होय.

दुसऱ्यांनीं लिहून ठेवलेल्या तयार फंक्शनांचा संग्रह म्हणजे लायब्ररी; आणि त्यांतील प्रत्येक फंक्शन काय घेतें, काय परत देतें व केव्हां अडून बसतें याची नोंद म्हणजे डॉक्युमेंटेशन. तें कादंबरीसारखें सलग वाचावयाचें नसतें. घरांतलें पंचांग कोणी पहिल्या पानापासून वाचतो काय? तिथीचा रकाना कोणता, नक्षत्राचा कोणता, संक्षेपाक्षरांचा अर्थ काय, एवढें वडील मंडळींनीं एकदां बोट ठेवून दाखविलें कीं मूल जन्मभर पंचांग पाहूं शकतें. हें बोट ठेवण्याचेंच काम आमचे शिक्षक टाळीत आहेत!

पायथन भाषेंत यादी क्रमानें लावण्यास 'सॉर्ट' व 'सॉर्टेड' अशीं दोन साधनें आहेत. उतरवून शिकलेला विद्यार्थी पहिल्याचा निकाल त्याच यादीच्या नांवांत सांठवितो आणि यादीच्या जागीं 'नन', म्हणजे कांहींच नाहीं, असें पाहून कपाळाला हात लावतो. वस्तुतः 'सॉर्ट' मूळ यादीच बदलतें व परत कांहीं देत नाहीं, 'सॉर्टेड' मात्र नवी यादी देतें, हें तेथें स्वच्छ नमूद आहे. त्याच 'सॉर्टेड'च्या मथळ्यांतील कंसांत एक तिरपी रेघ व एक चांदणी दिसते. नवशिका त्यांस बिचकतो. परंतु रेघेच्या आधीचें मूल्य नांव न घेतां द्यावयाचें आणि चांदणीपुढचीं मूल्यें नांव घेऊनच द्यावयाचीं, एवढाच त्या खुणांचा अर्थ. पांच मिनिटांचें काम. तें किती वर्गांत होतें?

"पण यंत्र सांगतें ना?" असा प्रश्न येईल. सांगतें, आणि पुष्कळदां बरोबरही सांगतें. परंतु तें जुन्या लिखाणावरहि पोसलेलें आहे. पांडाज या लायब्ररींतील कोष्टकास ओळी जोडणारें 'अपेंड' हें साधन २०२२ सालच्या १.४ आवृत्तींत मोडीत काढल्याचें जाहीर झालें, आणि एप्रिल २०२३ मधील २.० आवृत्तींत तें समूळ काढून टाकण्यांत आलें. त्याऐवजीं 'कॉन्कॅट' वापरावें असें डॉक्युमेंटेशन सांगतें. जुनीं उदाहरणें मात्र अजून जिकडे तिकडे पसरलेलीं आहेत. यंत्रानें त्यांतलेंच एखादें पुढें केलें तर तें शिळें आहे हें ओळखावयाचें कशावरून? ज्याला मूळ नोंद वाचतां येत नाहीं त्याला यंत्राची चूकहि पकडतां येत नाहीं.

आतां इंग्रजीची सबब. ती खोटी नाहीं. आणि हें डॉक्युमेंटेशन लिहिणारे निर्दोष आहेत असेंही नाहीं. पायथनच्या प्राथमिक पाठांत 'स्पॅम' आणि 'एग्ज' हे शब्द येतात, कारण त्या भाषेचें नांवच माँटी पायथन या विनोदी मंडळीवरून पडलें आहे. लातूरच्या मुलीला हा विनोद कसा कळावा? तिला ते पारिभाषिक शब्द वाटतात. शिवाय "आधीं डॉक्युमेंटेशन वाच" असें नाक मुरडून सांगणारे पंडित आहेतच. तें वाचावें कसें हें सांगण्याचे कष्ट ते कधीं घेत नाहींत. पण म्हणून त्या मुलीला वाचूं नको म्हणावें काय? या नोंदींची इंग्रजी शेक्सपियरची नव्हे. 'रिटर्न्स', 'रेझेस', 'डिफॉल्ट', 'ऑप्शनल' असे कांहीं डझन शब्द पुनःपुन्हां येतात, आणि ते मराठींतून समजावून देतां येतात. जिची इंग्रजी बेताची तिलाच या वाचनाची गरज सर्वांत अधिक. कारण शहरांतल्या मुलाला विचारावयास ओळखीचा कोणी तरी भेटतो, तिला तो भेटत नाहीं. तिला नकलेवर ठेवणें म्हणजे तिला कायमची दुसऱ्याच्या ओंजळीनें पाणी पिण्यास लावणें होय.

पालकांनीं फी भरण्यापूर्वीं वर्गाच्या चालकांस एवढेंच विचारावें: पहिल्या महिन्यांत डॉक्युमेंटेशनचें कोणतें पान मुलांकडून वाचून घेतां? आणि परीक्षेंत न शिकविलेल्या एखाद्या फंक्शनचें पान पुढें ठेवून, याचा उपयोग करून दाखवा, असें कधीं सांगतां काय?