एकानं काय होते बे?

आमच्या खामगावकडे लग्न असलं, की वरातीआधी गाडीची डिकी उघडते आणि कुणी तरी चुलतभाऊ ग्लास पुढे करतो, ‘‘घे ना बे, एकानं काय होते?’’ मला सोडून तीन वर्षं झाली. पुण्यात सोपं जातं. संध्याकाळी मीटिंग असते, तिथे सगळे आपल्यातलेच. गावी मात्र ‘नको’ म्हटलं, की पोरगा शिष्ट झाला!

अशा वेळी मला बिल विल्सन आठवतो. मे 1935. न्यूयॉर्कचा हा शेअरबाजारवाला, दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले. कामासाठी ॲक्रनला गेला आणि डील फिसकटलं. हॉटेलच्या लॉबीत एकीकडे बार, दुसरीकडे टेलिफोन. गड्याने फोन उचलला आणि बोलायला आपल्यासारखाच एक पिणारा शोधून काढला, डॉ. बॉब स्मिथ. या दोघांतून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ उभं राहिलं. पुण्यात अवचट दांपत्याने 1986 मध्ये सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’मध्येही बरे झालेले मित्रच नव्यांना हात देतात. बायकांसाठी ‘सहचरी’ गट आहे.

म्हणून खामगावची बस पकडण्याआधी माझी तयारी ठरलेली. ग्रुपमधल्या दोघांना तारखा सांगायच्या. मोबाइल फुल चार्ज. हातात आधीच कोल्ड्रिंक. वरातीला निघताना एक कॉल. रात्री बारालाही पलीकडचा वैतागत नाही, माझ्याशी बोलून त्याचाही दिवस निभावतो ना!

आणि तुम्ही स्वतः घेणारे असाल, तर एवढंच करा. मित्र ‘नको’ म्हणाला, की दुसऱ्यांदा विचारू नका.