तंत्रगप्पा : कॅट तुंबला, पण का तुंबला?



या वेळचा विषय आहे ‘कॅट’. मांजर नव्हे! गाडीच्या पोटाखाली, इंजिन आणि सायलेन्सर यांच्या मध्ये बसवलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. इथले गॅरेजवाले त्याला नुसतं कॅट म्हणतात, आपणही तेच म्हणू. आपल्या एका स्नेह्यांकडे पेट्रोलवर चालणारा जुना पिकअप आहे. गणपतीचं मखर आणि दिवाळीच्या कार्यक्रमाची टेबलं त्यातूनच जातात, म्हणजे तसा तो सार्वजनिकच म्हणायचा. हल्ली तो चढावर धापा टाकू लागला आहे. गॅरेजने निदान केलं, “कॅट तुंबलाय, बदलावा लागेल,” आणि खर्चाचा आकडा सांगितला तो जवळजवळ गाडीच्याच किमतीचा. तेव्हा त्यांनी मला तीन प्रश्न विचारले. खरंच तुंबलाय का? स्वस्तातला बसवला तर चालेल का? आणि काढूनच टाकला तर काय बिघडतं? हे प्रश्न अनेकांना पडतात, म्हणून उत्तरं इथेच देतो.

आधी हे प्रकरण आहे तरी काय ते पाहू. कॅटच्या स्टीलच्या डब्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची वीट असते. तिला आरपार शेकडो-हजारो बारीक नळ्या, आणि नळ्यांच्या आतून प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अगदी पातळ थर. त्यातून जाताना कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेल्या पेट्रोलचा कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होते, आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा साधा नायट्रोजन. धातू स्वतः खर्च होत नाहीत. लग्न जमवून देऊन बाजूला होणाऱ्या मध्यस्थासारखे ते असतात. मात्र वीट अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय काम नीट सुरू होत नाही.

या वस्तूचा ब्रिटनशी जुना संबंध आहे. हर्टफर्डशायरमधल्या रॉयस्टन गावी जॉन्सन मॅथी या कंपनीने १९७४ साली मोटारींसाठी कॅट बनवायला सुरुवात केली, पण त्या वेळी गिऱ्हाईक होतं अमेरिकेचं, कारण कडक कायदा तिकडे आला होता. ब्रिटनमधल्या नव्या पेट्रोल मोटारींना तो सर्रास बसू लागला १९९२-९३ मध्ये, युरोपच्या नियमांमुळे. भारतात १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅट सक्तीचा झाला आणि त्याबरोबरच पंपांवर शिसेविरहित पेट्रोल आलं. शिशाचा थर धातूंवर बसला की कॅट निकामी होतो, म्हणून दोन्ही गोष्टी जोडीने याव्या लागल्या.

आता पहिला प्रश्न. तुंबला हे कसं ओळखायचं? लक्षणं अशी : इंजिन सुरू होतं, जागच्या जागी बरं चालतं, पण वेग घेत नाही, चढावर दम लागतो, पेट्रोल जास्त पितं. मोरी तुंबली की वरचा नळ कितीही सोडा, पाणी बेसिनमध्येच राहतं, तसा धूर मागे अडकतो आणि नव्या हवेला आत जागाच मिळत नाही. पण हीच लक्षणं पेट्रोलचा फिल्टर चोंदला तरी दिसतात. म्हणून गॅरेजला सांगावं की अंदाजाने नको, दाब मोजून दाखवा. कॅटच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज बसवतात. इंजिन मिनिटाला २,५०० फेऱ्यांवर धरलं आणि काटा साधारण ३ पीएसआयच्या वर गेला, तर पुढे कुठेतरी अडथळा आहे. गार झालेल्या कॅटवर रबरी हातोडीने हलकेच टिचकी मारली आणि आत खुळखुळा वाजला, तर वीट फुटलेली आहे. दहा-पंधरा मिनिटांचं काम, आणि त्यावर शेकडो पौंडांचा निर्णय ठरतो.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. कॅट सहसा आपल्या मरणाने मरत नाही, त्याला कोणीतरी मारलेलं असतं. एखादा स्पार्क प्लग किंवा कॉइल नीट काम करत नसेल तर न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन तिथे जळतं आणि वीट अक्षरशः वितळते. इंजिन ऑइल पीत असेल तर ऑइलमधल्या फॉस्फरसचा आणि जस्ताचा थर धातूंवर चढतो. हेड गास्केट गळत असेल तर रेडिएटरमधलं कूलंट जळून तसंच लेपन करतं. आपल्याकडची धक्का मारून गाडी सुरू करायची सवयही कॅटला मानवत नाही. इंजिन पेट घेईपर्यंत कच्चं पेट्रोल त्याच्या पोटात जात राहतं, म्हणून पुष्कळ गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये तसं करू नका असं छापलेलं असतं. मूळ दुखणं तसंच ठेवून नवा कॅट बसवला तर तोही त्याच वाटेने जाणार. म्हणून आधी प्लग, कॉइल, सेन्सर, ऑइल आणि कूलंट यांची तपासणी, मग कॅट.

दुसरा प्रश्न, स्वस्तातला चालेल का? बाजारात कॅटच्या किमतींत जमीन-अस्मानाचं अंतर असतं, कारण आतल्या धातूंचं प्रमाण कमी-जास्त असतं. ब्रिटनमध्ये २००९ च्या नियमांनुसार, मार्च २००१ नंतर टाइप-अप्रूव्हल मिळालेल्या गाड्यांसाठी विकला जाणारा बदली कॅटही मंजूर प्रकारचा असावा लागतो आणि त्यावर तसा ई-चा शिक्का असतो. त्याआधीच्या गाडीला हे बंधन नाही, तरी मी शिक्क्याचाच घ्या म्हणेन. अगदी स्वस्त कॅट पहिली एमओटी पार करून देतो, पुढच्या वर्षी पुन्हा तोच खर्च. आणि हो, जुना कॅट गॅरेजला फुकट देऊ नका. त्यातल्या धातूंना किंमत आहे, ती बिलातून वजा करायला सांगा. याच धातूंपायी गेल्या काही वर्षांत रस्त्यावर उभ्या गाड्यांचे कॅट कापून चोरायचा सुळसुळाट झाला होता. इंग्लंड-वेल्समध्ये २०१३ च्या कायद्यापासून भंगारवाल्याला रोख पैसे देता येत नाहीत आणि विकणाऱ्याची ओळख तपासावी लागते.

ज्यांना घरी हात काळे करायची हौस आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. इथल्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे जुन्या गाडीचे नट-बोल्ट गंजून एकजीव झालेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. एक्झॉस्ट पूर्ण गार होऊ द्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका, भक्कम स्टँड लावाच. गास्केट आणि नट नवे घ्या, कॅटवरचा बाण धुराच्या दिशेने ठेवा, सेन्सरच्या टोकाला ग्रीस लागू देऊ नका. जुना कॅट कापून नवा वेल्ड करायचा असेल तर ते गॅरेजचंच काम.

तिसरा प्रश्न, काढूनच टाकला तर? नळी बसवली की पिकअप तरण्यासारखा पळेल, यात शंका नाही. पण कारखान्यातून कॅट लावून आलेल्या गाडीचा कॅट गायब दिसला तर एमओटीत ती नापास होते. आत पोकळ करून वरून डबा तसाच ठेवायची युक्तीही धूर मोजताना उघडी पडते. कायद्याचं एक वेळ राहू द्या. लंडनच्या लुइशम भागात साउथ सर्क्युलर रस्त्याजवळ राहणारी एला अडू-किसी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी २०१३ मध्ये दम्याने गेली. डिसेंबर २०२० मध्ये कोरोनरने तिच्या मृत्यूच्या कारणांत वायुप्रदूषणाची नोंद केली. ब्रिटनमध्ये अशी नोंद प्रथमच झाली. तिथल्या हवेत नायट्रोजन डायऑक्साइड मर्यादेबाहेर होता आणि तो मुख्यतः रहदारीतून आला होता. एका पिकअपने असं होत नाही हे खरं, पण रहदारी एकेका गाडीचीच बनते. शनिवारच्या मराठी शाळेबाहेर इंजिन चालू ठेवून आपण गप्पा मारत उभे असतो, तेव्हा गाडीची नळी साधारण मुलांच्या तोंडाच्याच उंचीवर असते.

तेव्हा स्नेह्यांना माझं उत्तर असं : दाब मोजून घ्या, इंजिनचं मूळ दुखणं आधी काढा, मग शिक्क्याचा कॅट बसवा. एवढा खर्च गाडीच्या उरलेल्या आयुष्याला परवडत नसेल तर गाडी सन्मानाने भंगारात द्या. पण कॅट काढून ती चालवू नका.

पुढच्या अंकात थंडीत मान टाकणाऱ्या बॅटरीविषयी. तुमचे प्रश्न संपादकांकडे जरूर पाठवा.