दोन ब्लॅक होलचा ‘फोटो’ आला, पण खरा वाद ब्राइटनेसच्या ग्राफवर आहे

ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन ब्लॅक होलचा पहिला फोटो’ ही बातमी तुमच्याही फीडमध्ये आली असेल. फोटो म्हणजे काय, तर काही धूसर ठिपके. तो कॅमेऱ्याने काढलेला नाही. जमिनीवरच्या अँटेना आणि रेडिओअ‍ॅस्ट्रॉन उपग्रहाचा जुना डेटा जोडून तो तयार केलाय. मला त्या ठिपक्यांपेक्षा त्यामागचा ब्राइटनेसचा ग्राफ जास्त इंटरेस्टिंग वाटतो.

या आकाशगंगेचं नाव ओजे २८७. कर्क राशीच्या दिशेला, साधारण साडेतीन अब्ज प्रकाशवर्षं दूर. तिच्या मधलं ब्लॅक होल गरम वायू गिळतंय आणि त्यातून निघणारा झोत जवळजवळ आपल्याच दिशेने येतो, म्हणून तिचा प्रकाश सतत कमी-जास्त होतो. १९व्या शतकाच्या शेवटापासूनच्या जुन्या फोटो प्लेट्सवर ती योगायोगाने टिपली गेली आहे. तो सगळा रेकॉर्ड जोडला तेव्हा दिसलं की साधारण दर १२ वर्षांनी ती जोरात उजळते, आणि तेही दोनदा.

फिनलंडच्या माउरी वाल्टोनेन यांच्या टीमचं म्हणणं असं: सूर्याच्या १८०० कोटी पट वजनाच्या ब्लॅक होलभोवती एक छोटं ब्लॅक होल फिरतं (छोटं म्हणजे १५ कोटी सूर्यांएवढं!). एका फेरीत ते मोठ्याच्या वायूच्या चकतीतून दोनदा आरपार जातं आणि दोन्ही वेळा भडका उडतो. कक्षा स्वतःच फिरत राहते, त्यामुळे तारखा सरळ १२-१२ वर्षांनी येत नाहीत. आइन्स्टाइनची समीकरणं लावून त्या काढाव्या लागतात. या गणितात मुंबईच्या टीआयएफआरमधले संशोधकही होते. त्यांची तारीख होती ३१ जुलै २०१९. तेव्हा पृथ्वीवरून बघताना ओजे २८७ सूर्याच्या उजेडात लपलेली, म्हणून नासाची स्पिट्झर दुर्बीण वापरली. भडका आला, अंदाजापेक्षा फक्त चार तासांच्या फरकाने!

इथपर्यंत सगळं भारी. पण पुढचा भडका ऑक्टोबर २०२२च्या आसपास यायचा होता, तो काही दिसला नाही. जर्मनीच्या स्टेफनी कोमोसा यांच्या टीमने २०२३ मध्ये सांगितलं की मोठ्या ब्लॅक होलचं वजन १० कोटी सूर्यांएवढंच असावं. म्हणजे १८० पट कमी! तसं असेल तर आधीचं गणित टिकत नाही. वाल्टोनेन गटाचं उत्तर असं की भडका उन्हाळ्यातच, सूर्याआड असताना होऊन गेला. माझ्या मते हे उत्तर शक्य आहे, पण सोयीचंही आहे. नव्या फोटोनेही हा प्रश्न मिटत नाही, कारण दुसरा ठिपका झोताचाच भाग असू शकतो.

आता हे ब्राइटनेस मोजतात कसं? तुमच्या फोनने लागोपाठ दोन फोटो काढले तरी उजेड वेगळा येतो. दुर्बिणीचंही तेच, कधी धूळ, कधी पातळ ढग. म्हणून त्याच फ्रेममधल्या, प्रकाश न बदलणाऱ्या ताऱ्यांशी तुलना करतात. ढग आला तर सगळेच मंद होतात, पण ओजे २८७ एकटीच उजळली तर बदल तिचाच. यासाठी फार मोठी दुर्बीण लागत नाही. नैनितालच्या एरीज संस्थेची १.०४ मीटरची जुनी दुर्बीण अशा आकाशगंगांवर वर्षानुवर्षं नजर ठेवून आहे. हौशी लोकही चांगला कॅमेरा लावून मोजमाप पाठवतात. (फोनच्या नाइट मोडमध्ये मात्र ती येणार नाही, तेवढी आशा ठेवू नका.)

खरी अडचण सातत्याची आहे. एका ठिकाणी पावसाळा, दुसरीकडे दिवस, आणि जुलै-ऑगस्टमध्ये सूर्य सगळ्यांच्याच आड. २०२२चं भांडण नेमकं त्या रिकाम्या जागेवर अडकलंय, आणि स्पिट्झर तर जानेवारी २०२०मध्येच बंद झाली.