अर्ध्या पायरीखालचा आवाज

काही वर्षांपूर्वी मेहकर तालुक्यातील एका खेड्यात जात्यावरच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण केले होते. गाणाऱ्या आजी ऐंशीच्या पुढच्या. ओवीच्या अखेरचा स्वर त्या सावकाश विझवत नेत. घरी आल्यावर मी खरखर पुसली, १६ बिटांची फाइल ८ बिटांवर आणली, आणि पुन्हा ऐकले तर प्रत्येक ओवीचा शेवट तुटलेला.

यंत्र आवाज पायऱ्यांनी मोजते. १६ बिटांत ६५,५३६ पायऱ्या, ८ बिटांत अवघ्या २५६. मधले मूल्य जवळच्या पायरीवर बसवायचे. उरलेला फरक ही चूक. तिचा अंदाज बांधायला अभियंत्यांपाशी एक देखणे सूत्र आहे: चुकीच्या वर्गाची सरासरी म्हणजे पायरीच्या वर्गाचा बारावा भाग. अशी १०० मूल्ये जवळच्या पायरीवर बसवून मिळवली, तर चुका बऱ्याच अंशी परस्परांना खोडतात आणि बेरीज साधारण तीन पायऱ्यांनी चुकते. तीच मूल्ये दर वेळी खाली छाटली, तर बेरीज सरासरी ५० पायऱ्यांनी घसरते. इथवर तक्रारीला जागा नाही.

माझा आक्षेप गृहीतकावर आहे. चुकीचा मूळ आवाजाशी संबंध नाही, असे हे सूत्र धरून चालते. भरदार, सतत बदलत्या आवाजाच्या बाबतीत ते जवळजवळ खरेही असते. पण स्वर अर्ध्या पायरीखाली उतरला की यंत्र शून्य लिहिते. जेवढा आवाज तेवढीच चूक! गंमत अशी की कागदावर ही चूक अंदाजाहून लहानही भरू शकते, आणि ओवी तर गेलेली असते. (वृत्त मोजताना आपणही लघूला एक, गुरूला दोन मात्रा देऊन मोकळे होतो, गाणारीचा गळा त्या हिशेबात कुठे बसतो?)

यावरचा उपाय मला फार उशिरा कळला. मूल्य पायरीवर बसवण्याआधी त्यात मुद्दाम बारीक, अनियमित खरखर मिसळतात. तिला डिदर म्हणतात. त्या खरखरीच्या आधाराने क्षीण स्वर कधी वरच्या पायरीला लागतो, कधी खालच्या, आणि कानाला तो तिच्यातूनही ऐकू येतो. जी खरखर मी आधी पुसली, तिनेच कदाचित तो स्वर तगवला असता.

हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या प्रयत्नांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. शब्द कागदावर टिकतात; विझता स्वर केवळ ध्वनिमुद्रणात राहतो. म्हणून मराठी विभागांनी लोकसाहित्याच्या प्रकल्पात मूळ, अस्पर्शित फाइल मागितलीच पाहिजे. बिटांची काटछाट करायचीच असेल तर ती प्रतीवर, सर्वांत शेवटी आणि डिदरसह व्हावी. विद्यार्थ्याने ‘स्वच्छ’ करून आणलेली प्रत मूळ म्हणून स्वीकारू नये.

मी मूळ फाइल जागा पुरेना म्हणून पुसून टाकली होती. आजी आता नाहीत.