मान दुखते, हाताला मुंग्या येतात

खाप्याहून एका भगिनीचे पत्र आले आहे. घरी हातमाग आहे. घरधनी मागावर बसतात, बाई कांड्या भरतात आणि संत्र्याच्या हंगामात तोडणीला जातात. त्या लिहितात, "आमच्या ह्यांची मान सहा महिन्यांपासून दुखते. न्हाव्याकडून मोडून घेतली की दोन दिवस बरे वाटते. एका डॉक्टरांनी एक्सरे काढला, मणक्यात गॅप आहे म्हणाले आणि गळ्याचा पट्टा दिला. सासूबाई म्हणतात, चाळिशी उलटली की असे व्हायचेच. आता ह्यांच्या दोन्ही हातांना मुंग्या येतात आणि सदऱ्याची बटणे लावायला फार वेळ लागतो. माझीही मान संध्याकाळी धरते. काय करावे?"

ताई, तुमची मान आणि तुमच्या घरधन्यांची मान, ही दोन वेगळी दुखणी दिसतात. तुमच्या मानेचे घरी बघता येईल. त्यांना मात्र याच आठवड्यात नागपूरला न्या. का, ते सांगतो.

माणसाच्या मानेत ७ मणके असतात. जिराफाच्या मानेतही सातच. या सात मणक्यांवर साडेचार ते पाच किलोचे डोके तोललेले असते. मान ताठ असते तोवर हा भार मणके आणि स्नायू वाटून घेतात. मान पुढे वाकली की सगळा ताण मागच्या स्नायूंवर येतो. अमेरिकेतील एका शल्यचिकित्सकाने २०१४ साली गणित मांडले, की मान ६० अंशात वाकवली तर मानेवर येणारा भार सुमारे २७ किलोपर्यंत जातो. हे गणितच आहे, जिवंत माणसाची मान तराजूवर ठेवून काढलेले माप नव्हे. पण दिवसभर फणीकडे डोळे लावून तुटलेला धागा शोधणाऱ्याला ते समजावून सांगावे लागत नाही. विड्या वळणारी बाई, शिलाई मशीनवरची बाई आणि मोबाईलात डोके घातलेला त्यांचा मुलगा, तिघांची मान एकाच रीतीने आखडते.

असे स्नायूंचे दुखणे बहुधा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत उतरते. शेक, हलका व्यायाम आणि कामाच्या पद्धतीत थोडा बदल, एवढे पुरते.

आता मणक्यातल्या "गॅप"विषयी. हा शब्द ऐकला की घरात रडारड होते. दोन मणक्यांच्या मध्ये गादीसारखी चकती असते. वयाप्रमाणे ती सुकते, चपटी होते. म्हणजे मधले अंतर वाढत नाही, उलट कमी होते. पन्नाशी उलटलेल्या बहुतेकांच्या एक्सऱ्यात अशी झीज दिसते आणि त्यांतल्या कित्येकांची मान कधीच दुखत नाही. तेव्हा नुसत्या एक्सऱ्याला भिऊ नये. सासूबाईंचे म्हणणे इथपर्यंत बरोबर आहे.

पण झिजलेली चकती किंवा वाढलेले हाड शेजारच्या नसेवर दाबले, तर कळ खांद्यातून हातात उतरते, बोटांना मुंग्या येतात. बहुधा हे एका बाजूला होते. आणि दाब मधल्या मज्जारज्जूवर पडला, तर दोन्ही हात बोजड होतात. दुखणे फारसे नसतेसुद्धा. बटण लागत नाही, सुईत दोरा ओवता येत नाही, हातातला कप निसटतो, चालताना तोल जातो, पाय कापसावर पडल्यासारखे वाटतात. पुढे लघवीवरचा ताबाही जाऊ शकतो. हा दाब वेळेवर ओळखला तर शस्त्रक्रियेने बिघाड थांबवता येतो, पण गेलेली ताकद सगळी परत येईलच असे नाही. म्हणून उशीर नको.

घरी एक परीक्षा घेऊन बघा. घरधन्यांना हात पुढे करून मूठ भराभर मिटायला-उघडायला सांगा. धडधाकट माणूस १० सेकंदांत सुमारे २० वेळा हे करतो. फारच कमी झाले तर ते कागदावर लिहून ठेवा. जमले तरी दवाखाना टाळू नका.

आणि न्हाव्याकडून मान मोडणे आजपासून बंद. कट्कन आवाज आला की मोकळे वाटते, हे खरे. पण मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आहेत. अचानक हिसक्याने त्यांचे आतले अस्तर फाटू शकते आणि अर्धांगवायू होऊ शकतो. कर्नाटकातील बल्लारी येथे २०२४ साली एका तरुणाला असेच झाल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली होती. मज्जारज्जूवर दाब असलेल्या माणसाला तर हिसका कोणीच देऊ नये, मग तो न्हावी असो की गावातला हाडवैद्य. दाढी करणाऱ्याचा यात दोष नाही, आपणच मान पुढे करतो.

गळ्याचा पट्टा थोडे दिवस आराम देतो. महिनोन्‌महिने बांधला तर मानेचे स्नायू आणखी दुबळे होतात. दुखण्याच्या गोळ्यांचेही तसेच. दुकानातून मागून उपाशीपोटी रोज घेतल्या तर जठराला जखम होते, मूत्रपिंडे बिघडतात. बाजारात मिळणाऱ्या निनावी पुड्यांनी एका दिवसात आराम पडला, तर त्यात स्टेरॉइड मिसळल्याचा संशय घ्यावा.

ताई, आता तुमच्याकडे वळतो. संत्र्याची टोपली, पाण्याचा गुंड, सरपणाची मोळी, सगळे बाईच्याच डोक्यावर. आपल्या राज्यात १९६९ साली हमालांसाठी जो कायदा झाला त्याच्या नावातच "माथाडी" आहे, माथ्यावर ओझे वाहणारे. घरच्या बाईचे ओझे कुठल्याच कायद्यात मोजलेले नाही. एका मोठ्या खेपेऐवजी दोन लहान खेपा कराव्यात. ओझे चढवताना-उतरवताना दुसऱ्याचा हात घ्यावा. ओझे डोक्यावर असताना कोणी हाक मारली तर मान वळवू नये, पायांनी सगळे अंग वळवावे.

कांड्या भरताना आणि मागावर अर्ध्या तासाने एकदा उठावे. चाळिशीनंतर जवळचे दिसेनासे होते आणि माणूस नकळत वाकतो. पुष्कळदा मानेचे औषध म्हणजे चष्मा आणि मागावर नीट टांगलेला दिवा. झोपताना दोन उशा नकोत, मान सरळ राहील एवढी एकच घ्यावी.

व्यायाम साधा आहे. तळहात कपाळावर ठेवून डोक्याने हाताला आणि हाताने डोक्याला ढकलावे, मान हलू देऊ नये. पाच-सहा सेकंद धरून सोडावे. असेच डोक्याच्या मागून आणि दोन्ही बाजूंनी, प्रत्येकी पाच वेळा, सकाळ-संध्याकाळ. दुखणे वाढले तर थांबावे. घरधन्यांनी मात्र तपासणी होईपर्यंत हे करू नये.

मानदुखीबरोबर रोज संध्याकाळी ताप आणि वजनात घट असेल तर मणक्याचा क्षय असू शकतो. त्याची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. जोराचा ताप, ओकाऱ्या आणि मान ताठ, असे झाले तर रात्रही थांबू नये. छातीत दाब येऊन कळ मानेत, जबड्यात किंवा हातात गेली तर तो हृदयविकार समजावा. झाडावरून पडलेल्याची मान हलवू नये.

नागपूरच्या मेडिकलमध्ये अस्थिरोग विभागाच्या ओपीडीत सकाळी लवकर पोहोचा. जुना एक्सरे, चालू गोळ्यांची पाकिटे, रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत घ्या. मोठा उपचार निघाला तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेविषयी तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. गर्दीत डॉक्टर दोनच मिनिटे देतील. त्यात मान दुखते हे नंतर सांगा, बटणे लागत नाहीत हे आधी सांगा.