जंगलाची पावसाळी सुट्टी

पालकहो, 'जुलैत पेंचची सफारी बंद का? पैसे तर आपणच भरतो ना!' असं तुम्ही विचारता. पेंच व्याघ्र प्रकल्पाचं गाभा क्षेत्र दरवर्षी साधारण १ जुलै ते ३० सप्टेंबर, म्हणजे ९२ दिवस, पर्यटकांसाठी बंद असतं. आतले रस्ते कच्चे. चिखल चुकवायला जिप्सी बाजूच्या गवतात घालतात, अन् तेच कोवळं गवत चितळांचं खाणं. मुलांना हे पटकन पटतं, घाई मोठ्यांनाच!

बंदी हवीच. पण सिल्लारी गेटवरच्या गाईडचं, जिप्सीवाल्याचं काय? बफरमधल्या काही फेऱ्या चालतात, त्याही पावसाच्या मर्जीवर. नऊ महिन्यांच्या कमाईत बारा महिन्यांचं घर कसं चालवायचं, हे गणित चौथीच्या वर्गात जरूर घाला.