कृष्णाकाठचे पाण्यातले दगड

सातारा म्हटलं की अजिंक्यतारा, सज्जनगड, प्रतापगड. सांगली म्हटलं की गणपती मंदिर. पाहुण्यांना काय दाखवायचं, याची आपली यादी वर्षानुवर्षं ठरलेली आहे. २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात आपला प्रतापगडही आला, याचा आनंद मलाही झाला. पण या दोन जिल्ह्यांतल्या जुन्या माणसांनी सगळ्यात जास्त डोकं कशावर चालवलं असं कुणी विचारलं, तर मी पाण्याकडे बोट दाखवीन. पश्चिमेला महाबळेश्वरचा धुवाधार पाऊस, पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जतचा कोरडा पट्टा आणि मधून वाहणारी कृष्णा. या मुलखात पाणी एक तर फार येतं, नाही तर येतच नाही. त्या दोन्हींचा विचार करून इथे दगड बसवले गेले, आणि ते पाहायला आपण फारसे जात नाही.

लिंबची बारा मोटांची विहीर घ्या. पुण्याहून येताना साताऱ्याच्या अलीकडे महामार्ग सोडून आत वळलं की लिंब लागतं. अगदी जवळ जाईपर्यंत विहिरीचा पत्ता लागत नाही, कारण सगळा पसारा जमिनीखाली आहे. रुंद पायऱ्या उतरून कमानीतून आत शिरलं की हवा गार होते आणि आपण एका महालात येतो. विहिरीत महाल! मोठी विहीर अष्टकोनी, तिला जोडलेली दुसरी आयताकृती, आणि दोन्हींच्या मध्ये हा महाल. खांबांवर गणपती आहे, मारुती आहे, हत्ती आहेत. भिंतीवरच्या एका शिल्पात वाघासारख्या जनावरानं हत्ती पंजात धरले आहेत. वरून पाहिलं तर दोन्ही विहिरींचा मिळून आकार शिवपिंडीसारखा दिसतो. खोली सुमारे ११० फूट आणि व्यास ५० फूट. शिलालेखात शक १६४१ ते १६४६ असा काळ दिला आहे, म्हणजे इ. स. १७१९ ते १७२४. बांधणारीचं नावही तिथेच आहे : विरूबाई भोसले.

छत्रपती शाहू महाराजांच्या घरात या विरूबाईंच्या शब्दाला मोठं वजन होतं. त्यांनी देऊळ किंवा वाडा बांधला असता तरी नाव राहिलंच असतं. त्यांनी शेताला पाणी देणारी विहीर बांधली. तीनशे वर्षांपूर्वी बाईचं नाव दगडात कोरलं जावं आणि तेही अशा कामासाठी, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. शाळेतल्या मुलींना ती जागा दाखवून हे नाव त्यांच्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायला हवं.

मोट ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बैलजोडी उतरत्या धावेवरून पुढे निघाली की नाडा ताणला जायचा आणि चामड्याची भरलेली मोट वर यायची. तिची सोंड सोंदुराच्या दोरानं ओढलेली असायची. काठावर आली की सोंड सैल होऊन पाणी थारोळ्यात पडायचं आणि तिथून पाटानं शेतात जायचं. मग बैल मागे सरत वर यायचे, मोट पुन्हा पाण्यात. लिंबला पंधरा मोटा लावण्याची सोय आहे. चालायच्या बारा, म्हणून हे नाव. बारा मोटा म्हणजे बारा बैलजोड्या, बारा मोटकरी आणि पहाटेपासून चाकांची कुरकुर. या पाण्यावर तीन हजारांहून जास्त झाडांची आमराई पोसली जायची, असं गावात सांगतात. आता मोटा नाहीत, आमराईही नाही. विहिरीत पाणी मात्र आहे.

गुजरातेतल्या पाटणची राणीची वाव २०१४ मध्ये जागतिक वारशात गेली आणि पुढे शंभराच्या नोटेवर आली. आपल्याकडची माणसं गाडी करून ती बघायला जातात. जावंच, वाव आहेच तशी. पण त्याच माणसांना महामार्गावरून लिंबला वळायला सुचत नाही, याचं मला वाईट वाटतं. कराडला पंताच्या कोटात नकट्या रावळाची विहीर आहे. प्रीतिसंगमावर येणाऱ्यांपैकी किती जण तिच्या पायऱ्या उतरतात?

हे झालं पाणी वर काढण्याचं. पुराचं पाणी हा निराळाच मामला. वाईचा ढोल्या गणपती सगळ्यांना ठाऊक आहे. दर्शन घेऊन, घाटावर फोटो काढून माणसं परततात. पुढच्या खेपेला देवळाच्या मागे जा. मागची भिंत सरळ नाही, माशासारखी निमुळती होत गेली आहे. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ च्या सुमारास हे देऊळ थेट नदीच्या पात्रालगत बांधलं. पूर अंगावर येणार हे त्यांच्या कारागिरांना पक्कं माहीत होतं. म्हणून पाण्याचा लोंढा दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जाईल असा आकार त्यांनी भिंतीला दिला. अडीचशेहून जास्त पावसाळे ती भिंत उभी आहे. आज आपण पूररेषेच्या आत घरं, कार्यालयं, दुकानं बांधतो, तीही चौकोनी डब्यासारखी, आणि पाणी आत शिरलं की नदीला बोल लावतो.

वाईपासून जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट आहे. तिथली मोठी घंटा १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर आलेली. लोक घंटा बघतात, सिनेमात पाहिलेला घाट ओळखतात. मी म्हणेन, त्या घाटाच्या पायऱ्या बघा. नदी उन्हाळ्यात खाली गेली तरी बाईला घागर भरता यावी आणि श्रावणात वर आली तरी कुणी घसरू नये, हे सगळं त्या पायऱ्यांत आहे.

पूर्वेकडे गेलात की चित्र उलटं. माणगंगेवरचा राजेवाडीचा तलाव ब्रिटिश अमदानीत दुष्काळी कामातून उभा राहिला. उपाशी माणसांनी माती वाहून घातलेला तो बांध आहे. सातारा आणि सांगलीच्या सीमेवर असल्यामुळे दोन्हीकडच्या लोकांना त्याचं महत्त्व कळतं, बाहेरच्यांना त्याचं नावही माहीत नसतं. ऐतिहासिक वास्तू म्हणून त्याचा उल्लेख मी क्वचितच ऐकला आहे.

आणि सांगलीचा आयर्विन पूल. पटवर्धनांच्या संस्थानानं बांधलेला, १९२९ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते खुला झालेला. सांगलीकरांच्या लेखी हा पूल म्हणजे मोजपट्टी. पावसाळ्यात "आयर्विनला किती?" एवढंच विचारतात, आणि उत्तर फुटांत येतं. चाळीस म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं, तेव्हा याहून जास्त काय होणार असं वाटलं होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं. त्या आठवड्यात परगावी असलेली सांगलीची माणसं त्या एका आकड्यावर डोळे लावून बसली होती. जिच्याकडे बघून सामान वरच्या मजल्यावर न्यायचं की घर सोडायचं हे ठरतं, अशी दुसरी ऐतिहासिक वास्तू मला तरी माहीत नाही.

या दगडांची निगा कशी चालली आहे? काही ठिकाणी चांगली. महाराष्ट्रभर तरुण मुलं गावोगावच्या बारवा शोधून गाळ काढतात, महाशिवरात्रीला तिथे दिवे लावतात. हे काम मला फार मोठं वाटतं. पण त्याच महाराष्ट्रात जीर्णोद्धाराच्या नावाखाली काळ्या दगडावर ऑइल पेंट चढतो, शिलालेखावर चुन्याचे हात बसतात, चिऱ्यांच्या सांध्यात सिमेंट कोंबलं जातं. श्रद्धेनं केलेलं असतं, म्हणून कुणी बोलत नाही. मी बोलतो. चुन्याखाली गेलेलं अक्षर म्हणजे गावाचा फाडलेला सात-बारा.

ग्रामपंचायतींना आणि देवस्थानच्या विश्वस्तांना माझं एवढंच सांगणं आहे. गावात जुनी विहीर, बारव, घाट किंवा बांध असेल तर आधी त्याचं मोजमाप घ्या, लेख असेल तर त्याचा स्वच्छ फोटो काढा आणि गावच्या दप्तरात त्याची नोंद करा. रंगाचा डबा त्यानंतरही उघडू नका. पुरातत्त्व विभागाला पत्र लिहा. आणि शिक्षकांनो, यंदाच्या सहलीत गडाबरोबर लिंबची विहीर आणि ढोल्या गणपतीची मागची भिंतही घ्या. दोन्ही एका दिवसात होतात.